विनोदकुमार शुक्ल आणि त्यांचे वाचक

२३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूर येथे हिंदीतील थोर कादंबरीकार व कवी विनोदकुमार शुक्ल यांचे निधन झाले. आणखी नऊ दिवसांनी त्यांना एकोणनव्वद वर्षे पूर्ण झाली असती. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांना २०२४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक जाहीर झाले होते आणि नोव्हेंबरात ते रायपुरातील त्यांच्या राहत्या घरीच अर्पण करण्यात आले होते. छत्तीसगडमधील लेखकाला हा मान प्रथमच लाभत होता. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर वाचकांमध्ये ज्या आठवणी निघाल्या त्यांत पारितोषिकांना फारसे स्थान नव्हते. वाचकांना आठवत होता एक सदरा, एक हत्ती, आणि भाड्याच्या खोलीतील एक खिडकी.

लोकप्रिय कादंबरीकार म्हटला की मराठी मनासमोर एक विशिष्ट चित्र उभे राहते. फडक्यांच्या कादंबरीची वाट पाहणारा तरुण, खांडेकरांची वाक्ये वहीत उतरवून घेणारी विद्यार्थिनी, अर्नाळकरांच्या रहस्यकथेसाठी वाचनालयात खेटे घालणारा कारकून, ही सारी त्या चित्रातली माणसे. गुंतागुंतीचे कथानक, उत्कट प्रेम, उदात्त त्याग किंवा चित्तथरारक रहस्य यांपैकी काहीतरी वाचकाला धरून ठेवी. विनोदकुमार शुक्लांच्या कादंबऱ्यांत यांतले काहीच नाही. तरीही आयुष्याच्या अखेरच्या वर्षी त्यांची अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक कादंबरी तरुण वाचकांनी अक्षरशः उचलून धरली. हे कसे घडले, याचे उत्तर त्या कादंबऱ्यांतच शोधावे लागते.

१९७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'नौकर की कमीज' या त्यांच्या पहिल्या कादंबरीचा नायक संतूबाबू हा सरकारी कचेरीतला एक सामान्य कारकून. साहेबांनी आदर्श नोकराच्या मापाचा एक सदरा शिवून ठेवला आहे. तो ज्याच्या अंगी नीट बसेल तो त्यांचा योग्य नोकर. तो सदरा बसतो नेमका संतूबाबूच्या अंगाला! एवढ्या साध्या कल्पनेतून कचेरीतील लाचारी, घरमालकाचा वरचष्मा, गळणारे छप्पर आणि या साऱ्यांत जपलेला नवरा-बायकोचा जिव्हाळा लेखकाने उलगडून दाखविला आहे. अखेरीस त्या सदऱ्याची होळी होते. पण तीही गाजावाजा न होता. या कादंबरीवर मणी कौल यांनी पुढे चित्रपटही काढला.

१९९७ साली आलेल्या 'दीवार में एक खिड़की रहती थी' या कादंबरीला १९९९ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. लहानशा गावातील महाविद्यालयात गणित शिकविणारा रघुवरप्रसाद आणि त्याची नवपरिणीत पत्नी सोनसी एका भाड्याच्या खोलीत संसार थाटतात. महाविद्यालयात जाण्यासाठी वाहन मिळावे तर एका साधूचा हत्ती मिळतो! खोलीत जागा अपुरी, पैसा बेताचा. परंतु भिंतीत एक खिडकी आहे. ती ओलांडली की पलीकडे नदी, तळी, सारवलेल्या स्वच्छ वाटा आणि मायेने चहा पाजणारी एक म्हातारी. त्या जगात जावयाचे तर खिडकीतूनच जावे लागते. गरिबीचे दुःख लेखकाने झाकलेले नाही, तसेच तिचे भांडवलही केलेले नाही. थोडक्यात संसार करणाऱ्या माणसाच्या अंतरंगात केवढे ऐश्वर्य असते, ते त्याने हळुवारपणे दाखविले. आज मोठ्या शहरात एका खोलीत राहून नोकरी करणाऱ्या तरुण-तरुणींना ही खिडकी आपल्याच भिंतीतली वाटावी, यात नवल कसले?

मराठी श्रोत्यांना या लेखकाविषयी आपलेपणा वाटावा असे आणखी एक कारण आहे. विनोदकुमारांचा जन्म राजनांदगावचा. १९५८ साली तेथील दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध अध्यापक म्हणून आले. मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी. मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे बंधू. शेतकी शिक्षण घेतलेल्या या तरुणाच्या कविता मुक्तिबोधांनी वाचल्या आणि आपण होऊन दिल्लीच्या 'कृति' मासिकाकडे पाठविल्या. रायपूर व नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदत होती. दोन भाषांतील ही देवघेव त्या भूमीला नवी नव्हती.

पण गुरुशिष्यांच्या नशिबात केवढे अंतर पडले! ११ सप्टेंबर १९६४ रोजी मुक्तिबोध निवर्तले, तेव्हा त्यांचा पहिला कवितासंग्रहदेखील छापून झालेला नव्हता. त्यांचे यश त्यांच्या पश्चात वाढले. विनोदकुमारांच्या वाट्याला वाचक उशिरा का होईना, डोळ्यांदेखत आले. तोही मार्ग सरळ नव्हता. २०२२ साली पुस्तकांच्या मोबदल्याबाबतची आपली व्यथा त्यांना उघडपणे बोलून दाखवावी लागली, आणि वाचक अस्वस्थ झाले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये रायपुरातच एका प्रकाशकाने त्यांना तीस लाख रुपयांचे स्वामित्वधन दिले. आयुष्यभर कृषी महाविद्यालयात शिकवून उरलेल्या वेळात लिहिणाऱ्या लेखकाच्या हाती हा धनादेश पडला, तो हजारो वाचकांनी पदरचे पैसे मोजून पुस्तक घेतले म्हणून. वाचकांचे प्रेम केवळ शब्दांत राहिले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तथापि या लोकप्रियतेला एक धोकाही आहे. विनोदकुमारांच्या कवितेतील ओळी आज हातोहाती फिरतात. हताश होऊन बसलेल्या अनोळखी माणसाला हात देणाऱ्याची त्यांची कविता तर असंख्यांना तोंडपाठ आहे. परंतु सुटी ओळ मनाला क्षणभर गोड वाटते आणि विसरली जाते. त्यांच्या गद्याची चाल संथ आहे. तेच ते शब्द पुन्हा येतात, पाऊस पडत राहतो, हत्ती दाराशी उभा असतो. आणि या संथपणातूनच वाचकाची नजर हळूहळू पालटते. घाईने वाचणाऱ्याला ती खिडकी भिंतीसारखीच दिसेल.

रायपूरने आपल्या लेखकाला शासकीय इतमामाने निरोप दिला, ते योग्यच झाले. तो मान एका दिवसाचा. त्यापुढचे काम वाचकांचे आहे: गावोगावच्या वाचनालयांत ही पुस्तके मागवावीत, त्यांच्याविषयी चार माणसांत बोलावे, आणि एखाद्या निवांत दुपारी रघुवरप्रसाद व सोनसी यांच्या त्या खोलीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत राहून यावे.