परदेशी मिळविलेले पंख
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे यंदा एका कन्येचा अर्ज आला आहे. विमान चालविण्याचे शिक्षण घेण्यासाठी तिला परदेशी जावयाचे आहे. ‘मुलीला हे साहस कशाला?’ असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांनी कळकळीनेच विचारला. त्यास उत्तर म्हणून मी आज एका परकीय मुलीची हकिगत सांगणार आहे.

बेसी कोलमन हिचा जन्म १८९२ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आईबाप दुसऱ्याच्या शेतात बटाईने राबत. कापूस वेचणीचा हंगाम आला की मुलांची शाळा सुटे. एरवी ही मुलगी एका खोलीच्या शाळेत चार मैल चालत जाई. पुढे तिने महाविद्यालयात नाव घातले. परंतु पैसा संपला आणि एका सत्रानंतर ते शिक्षण थांबले. १९१५ साली ती शिकागोस आली व एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे साफ करण्याचे काम करू लागली. तिचे भाऊ महायुद्धात फ्रान्सला जाऊन आले होते. तिकडच्या बायका विमाने चालवितात, असे म्हणून एका भावाने तिला डिवचले. ते शब्द तिच्या मनाला लागले.

स्वदेशातील वैमानिक-शाळांनी तिला प्रवेश नाकारला. कारण ती स्त्री होती आणि वर्णाने काळी होती. तेव्हा तिच्याच समाजाचे एक वृत्तपत्रकार रॉबर्ट ॲबट यांनी तिला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला व पाठबळही दिले. बेसीने पै पै साठविली, फ्रेंच भाषा शिकून घेतली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीने निघाली.

समुद्रकाठच्या ल क्रोतोआ गावी कोद्रों बंधूंची शाळा होती. तेथील न्यूपोर जातीचे शिकाऊ विमान लाकूड, कापड आणि तारा यांचे असे. हातात एक जाड दांडा आणि पायांखाली सुकाणूची आडवी पट्टी; एवढ्यावर सारा कारभार. त्याला ब्रेक नव्हते. उतरताना शेपटाखालची पट्टी जमिनीवर घासून वेग कमी होई. एक सहाध्यायी अपघातात दगावलेला तिने पाहिला, तरी ती मागे फिरली नाही. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. असा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री होय.

मायदेशी ती कसरतींचे प्रयोग करू लागली. काळ्यागोऱ्यांना निरनिराळ्या दरवाजांतून आत घेणार असाल तर मी उडणार नाही, असे तिने एका ठिकाणी ठणकावले. आपल्या समाजासाठी वैमानिक-शाळा काढावी, ही तिची आकांक्षा होती.

३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे तिचा अंत झाला. विमान जुने होते आणि ते तिचा यंत्रज्ञ चालवीत होता. खालची जागा वाकून पाहता यावी म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. एक पाना यंत्रणेत अडकला, विमान उलटले आणि ती बाहेर फेकली गेली. यंत्रज्ञही वाचला नाही. येथे शंकेखोर म्हणतील, ‘पाहा, शेवटी काय झाले!’ मी म्हणतो, यातून बोध घ्यावयाचा तो सावधगिरीचा. आजची तपासणी, आजचे नियम अशाच प्राणांच्या मोलाने घडत आले आहेत.

तिची शाळा राहून गेली. परंतु १९२९ साली लॉस एंजेलिस येथे तिच्या नावाने वैमानिकांचा क्लब निघाला. १९९२ साली मे जेमिसन ही कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेली, तेव्हा बेसीचे छायाचित्र तिच्यासोबत होते.

बंधूंनो, बेसीला सरकारने पाठविले नाही. तिला पाठविले तिच्या स्वतःच्या कष्टांनी आणि तिच्या समाजातील जाणत्या माणसांनी. आपली ज्ञातिसंस्था जर अशा वेळी उपयोगी पडणार नसेल, तर ती केवळ पंगती उठविण्यासाठी आहे काय? अर्जदार कन्येची पात्रता अवश्य तपासा; शाळेची मान्यता, खर्च, कर्जफेड, सारे कसोशीने पाहा. मुलाच्या अर्जाला जी कसोटी लावाल तीच तिला लावा. मात्र ती मुलगी आहे, एवढ्याच कारणास्तव तो अर्ज बाजूस ठेवू नका.