पायाखालची नक्षी

दुपारची भांडी उरकली असतील. कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, कुणी नुसत्याच पाय पसरून. आज मी पायाखालच्या गोष्टीवर बोलणार आहे. फरशीवर. आता तुम्ही म्हणाल, रोज पुसतो तेवढं पुरे नाही का? पण ऐका तर.

आपल्याकडं भुई हे बायांचंच काम. माळवदाच्या घरात भिंत गवंडी रचायचा, तुळया सुतार चढवायचा, पण भुई करायची ती घरच्या बायकांनी. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, चोपण्यानं चोपायचं आणि मग शेणामातीचं सारवण. माझ्या सासूबाई सारवून झालं की तळहात उलटा करून भुईवरनं फिरवायच्या. जरा कुठं खडा लागला की म्हणायच्या, "हे कुणी केलं गं? पुन्हा कर." पुढं शहाबादी आली. शहाबाद गाव इथून फार लांब नाही, कलबुर्गी जिल्ह्यात आहे, म्हणून आपल्याकडं ती फरशी घरोघरी पोचली. आता चकचकीत टाइल आलीय. पावसाळ्यात ओल्या पायानं गेलं की घसरून कंबर मोडते, पण दिसते छान.

नक्षीची फरशी मी पहिल्यांदा पाहिली ती सोलापुरात, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा. यजमानांच्या नात्यातला एक जुना वाडा होता. आत पाऊल टाकलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. खाली लाल, पिवळी, काळी फुलं. सतरंजी अंथरलीय असं वाटलं, आणि चपला काढलेल्या असूनही त्यावर पाय ठेवायचा धीर होईना. मामी हसल्या. म्हणाल्या, "ये की, फरशी आहे ती. साठ वर्षं पुसतोय, फूल काही पुसलं नाही." ती फरशी कुठल्या कारखान्यातली होती ते मला ठाऊक नाही. पण फूल का पुसलं जात नाही, हा प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधताना मला एका काका-पुतण्याची गोष्ट सापडली.

फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तुम सिधवा. पारशी माणसं. 1922 साली त्यांनी भारत फ्लोरिंग टाइल्स नावाची कंपनी काढली आणि मुंबईजवळ उरणला कारखाना घातला. 1922 म्हणजे कसला काळ? वर्षभरापूर्वीच मुंबईत परळला गांधीजींनी विलायती कापडाची होळी केली होती. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, पण खादीची, चरख्याची हवा सगळीकडं होती. कराचीचे जमशेद मेहता हे सिधवांचे मार्गदर्शक. पुढं ते कराचीचे महापौर झाले. देशाला राजकीय स्वातंत्र्य हवं तसं आर्थिक स्वातंत्र्यही हवं, असं त्यांचं सांगणं. स्वदेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सूत आणि मीठ येतं. या दोघांनी फरशी धरली.

त्या वेळी भारी इमारतीत नक्षीची फरशी घालायची तर ती विलायतेतून यायची. इंग्लंडात मिंटन नावाचा मोठा कारखाना होता. तिथली फरशी मातीची, भट्टीत भाजलेली. ती जहाजातून मुंबईला उतरायची. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर खाली बघा, तिथं मिंटनची फरशी आहे. अशा मालाशी सिधवांना बरोबरी करायची होती. आणि इथंच मला ही माणसं आवडली. देशी आहे म्हणून चालवून घ्या, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. जगातल्या उत्तम फरशीच्या तोडीची फरशी इथं करायची, हे त्यांनी ठरवलं होतं. या गोष्टीकडं मी शेवटी परत येणार आहे, कारण त्यात माझी एक चूक अडकलेली आहे.

आधी फरशी कशी करतात ते सांगते. हे आपल्याला चांगलं समजेल, कारण हे काम स्वयंपाकासारखं आहे.

लोखंडाची एक चौकट असते, तिच्यात पितळेचा साचा बसवतात. साच्याला कप्पे पाडलेले असतात. एक कप्पा पाकळीचा, एक पानाचा, एक कोपऱ्यातल्या वेलीचा. पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग पाण्यात कालवायचा, धिरड्याच्या पिठाएवढा सैल. मग पळीनं एकेका कप्प्यात एकेक रंग ओतायचा. लाल लालच्या जागी, पिवळा पिवळ्याच्या. सगळे कप्पे भरले की साचा अलगद सरळ वर उचलायचा. हात जरा थरथरला की रंग एकमेकांत गेले आणि फरशी वाया गेली. रांगोळीत दोन रंग शेजारी भरताना आपण श्वास धरतो ना, तसं. वर कोरडं सिमेंट भुरभुरायचं, ते जादा पाणी ओढून घेतं. मग वाळू-सिमेंटचा जाड थर आणि मग मशिनचा दाब. आपलं धुमस जे करतं तेच, फक्त शेकडो पटीनं. बाहेर निघालेली फरशी भट्टीत घालत नाहीत. ती पाण्यात ठेवतात आणि मग सावकाश वाळू देतात. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण समजतो, पण ते पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून तर घरकुलाचा कोबा झाल्यावर आठवडाभर तरी पाणी मारायचं असतं, आणि ते काम कुणाकडं येतं ते काय सांगायला पाहिजे?

तर ती फुलं वरून रंगवलेली नसतात. रंगाचा थर काही मिलिमीटर खोल असतो. वरचं झिजलं तरी खाली तेच फूल असतं. मामींच्या साठ वर्षांचं उत्तर हे. जाता जाता सांगते, सिमेंटच्या फरशीवर आणि शहाबादीवरही अ‍ॅसिड ओतू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. अ‍ॅसिड डाग काढत नाही, दगड खातं.

सिधवांचा धंदा वाढला. नक्षीच्या फरशीबरोबर मोझॅक आलं. मुंबईत नव्या घडणीच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहत होत्या, तिथं देशी फरशी पडू लागली. एका माणसानं एका वेळी एकच फरशी करायची, असं हे काम. ते स्वस्त कसं होणार? पुढं संगमरवर आला, कारखान्यात भराभर निघणारी सिरॅमिक टाइल आली. गुजरातेतल्या मोरबीची टाइल आता आपल्या तालुक्याच्या दुकानातही रचलेली असते. लोकांना नक्षी जुनाट वाटायला लागली. वाड्यांतल्या फरश्या उखडून लोकांनी उकिरड्यावर टाकल्या. सोलापूरच्या त्या वाड्याचंही तेच झालं. मामी गेल्यावर तिथं इमारत उठली. मी एक तुकडा मागितला होता, पण तोवर डबर उचललं गेलं होतं.

अशा वेळी बरेच कारखाने बंद पडले. सिधवांचा टिकला. रुस्तुम सिधवांच्या मुलीनं, दिलनवाझ वरियावा यांनी, तो पुढं चालवला. या बाई नुसत्या कंपनीत बसणाऱ्या नव्हेत. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात बुडणार होतं, ते वाचवायच्या चळवळीत त्या होत्या. 1990 नंतर जुन्या इमारती जपायला हव्यात अशी जाण शहरांत आली. तुटलेल्या फरशीच्या जागी तशीच फरशी कोण देणार, अशी विचारणा होऊ लागली. कंपनीनं जुन्या नक्ष्या पुन्हा काढायला घेतल्या. तोच पितळेचा साचा, तीच पळी. आता त्यांचे चिरंजीव फिरदौस वरियावाही धंद्यात आहेत. 2022 साली कंपनीला शंभर वर्षं झाली. आपल्याकडं बापाच्या दुकानात मुलगी बसली की लोक विचारतात, "भाऊ नाही का तुला?" एवढंच म्हणते आणि पुढं जाते.

आता माझी चूक. आमचा गट येसूर करतो. बाजरी, गहू, हरभराडाळ, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं. एका वर्षी प्रदर्शनाच्या आधी घाई झाली. मीच म्हणाले, सगळं एकत्रच भाजा, कोण बघतंय? डाळ कच्ची राहिली, बाजरी करपली. आम्ही तशीच पाकिटं भरली. स्टॉलवर उभं राहून मी ओरडत होते, "ताई, बचत गटाचा माल आहे, घ्या की. गरीब बायांना हातभार लावा." सगळी पाकिटं खपली. आम्ही खूश होऊन घरी आलो.

पुढच्या वर्षी त्यांतली एक बाई पुन्हा स्टॉलपाशी थांबली. भांडली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "ताई, मागच्या वर्षी तुमच्याकडं बघून घेतला होता. आमटी केली, कुणी खाल्ली नाही. यंदा नको." आणि पुढच्या स्टॉलवर जाऊन दुसऱ्याच गटाचा घेतला. आमच्या त्या वर्षीच्या मालात काहीच खोट नव्हती. पण तो तिच्या हातात द्यायला मला तोंड नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी केल्या. दर घाण्याचा मूठभर येसूर बरणीत ठेवतो, वर तारीख आणि भाजणारीचं नाव. आणि पाकिटं भरायच्या आधी सासूबाईंच्या पुढं वाटीभर आमटी ठेवतो. वय झालंय, डोळ्यांना कमी दिसतं, पण जीभ शाबूत आहे. मागच्या महिन्यात त्यांनी एक अख्खा घाणा परत पाठवला. सहा किलो माल होता. गटातल्या एकीनं कुरकुर केली की एवढं कुणाला कळणार आहे. मी काही बोलले नाही, तो घाणा गटातल्या घरांत वाटून टाकला आणि पुन्हा चूल पेटवली.

यंदाचं प्रदर्शन दिवाळीआधी आहे. ती बाई आली तर पाकीट काही लगेच पुढं करणार नाही. स्टॉलवर शेगडी ठेवायची परवानगी मागितली आहे. आधी आमटीची वाटी देणार आहे.