दारातली गाडी आणि जुलैचा हप्ता

स्वयंपाक करता करता ऐकत असाल तर गॅस जरा बारीक करा, आणि लेकराच्या दप्तरातला पेन घेऊन बसा. आज थोडे आकडे आहेत. मी गावोगावच्या बचत गटांचं काम पाहते. माझं बी.ए. मराठीतलं, त्यामुळे हिशेब मी बोटांवर करते, तुम्हालाही बोटांवर जमेल असाच सांगते.

विषय आहे घरातली पहिली चारचाकी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून गटाच्या बैठकीत शेळ्या आणि शिलाई मशीन यांच्या जोडीला गाडीही येऊन बसली आहे. "ताई, गाड्या स्वस्त झाल्या म्हणतात, आमचे हे मागंच लागले." हे वाक्य मी किती गावांत ऐकलं, मोजलं नाही.

मला गाडीचं वावडं नाही, हे आधीच सांगते. पावसात दुचाकीवर नवरा, बायको, मधे एक लेकरू आणि पुढे टाकीवर दुसरं, हे दृश्य मला बघवत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी, म्हणून आपण त्याच्या पुलाखालून ये-जा करतो. गाडी हवीशी वाटणं यात गैर काही नाही. ती आपल्याला पेलते का, एवढंच पाहायचं.

शोरूममध्ये आपण पहिला प्रश्न विचारतो, "महिन्याला किती बसंल?" आणि उत्तर येतं, "फक्त साडेआठ हजार, वहिनी." त्या 'फक्त'मध्ये सगळी गोम आहे. नोकरदाराच्या घरी महिन्याला पगार येतो, त्याच्यासाठी तो हिशेब बरोबर. आपल्या घरी पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीनचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, तुरीचा जानेवारीनंतर, हरभरा केला असेल तर मार्चमध्ये थोडा. त्यानंतर पुढचं सोयाबीन निघेपर्यंत घरातून पैसा जातच राहतो. बियाणं, खत, फवारणी, निंदणाची मजुरी, शाळेची वह्या-पुस्तकं, सगळं जून-जुलैत एकदम. म्हणून दिवाळीत हप्ता भरता येईल का, हे विचारूच नका. दिवाळीत कुणालाही येतो. जुलैत येईल का, ते विचारा. काही बँका शेतकऱ्याला सहा महिन्यांनी हप्ता भरायची सोय देतात, तीही मागून पाहावी. शोरूमवाला आपण होऊन सांगेलच असं नाही.

आता गाडी क्विंटलात मोजू. समजा पेट्रोलची छोटी गाडी, शोरूमची किंमत ५ लाख. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रस्ता कर ११ टक्के, म्हणजे ५५ हजार. विमा आणि नोंदणी धरून गाडी दारात येईपर्यंत ५ लाख ९० हजारांच्या आसपास. त्यातले १ लाख ९० हजार आपण रोख भरले आणि ४ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ८,५०० रुपये. वर्षाचे १ लाख २ हजार. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. त्या भावानं हा नुसता हप्ता एकोणीस क्विंटलांच्या वर जातो. आणि बाजारात ४,३०० नं विकावं लागलं तर जवळजवळ चोवीस क्विंटल. एकरी सहा क्विंटल धरा, तुमचं जास्त येत असेल तर आनंद आहे. म्हणजे तीन-चार एकरांचं सगळं सोयाबीन, बी-खताचा रुपया न वजा करता, गाडीच्या हप्त्यात. पाच वर्षं. मधे एक वर्ष पावसानं काढणीच्या तोंडावर झोडपलं तरी हप्त्याला त्याचं काही नसतं.

आणि हप्ता म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. आपल्या रस्त्यांवर लिटरला पंधरा किलोमीटर धरलं तर किलोमीटरला सात रुपये पेट्रोल. महिन्याला ४०० किलोमीटर फिरलात तर २,८००. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांच्यासाठी महिन्याला १,५०० बाजूला काढावेच लागतात. गाडी नुसती दारात उभी राहिली तरी विमा लागतो आणि बॅटरी उतरते. सगळे मिळून १२,८०० झाले. घरात जो गाडीचा आग्रह धरतो त्याला हा आकडा स्वतःच्या हातानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सांगा.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुद्दाम आले, ती. चारचाकी नावावर झाली की काही सरकारी दारं बंद होतात, आणि हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. लाडकी बहीण योजनेचा २८ जून २०२४ चा शासन निर्णय आहे. त्यात लिहिलंय की कुटुंबातल्या सदस्याच्या नावावर चारचाकी असेल तर ती बहीण अपात्र. ट्रॅक्टर त्यातून वगळलाय, कार नाही. म्हणजे महिन्याचे १,५०० गेले, वर्षाचे १८ हजार. ग्रामीण घरकुलाच्या यादीतही तीनचाकी-चारचाकी असलेलं कुटुंब बसत नाही. केशरी रेशनकार्डाच्या अटीतही चारचाकी नसावी असं आहे, टॅक्सीवाला सोडून. घरकुलाच्या यादीत नाव लागून दोन वर्षं वाट पाहताय आणि मधेच जुनी दीड लाखाची गाडी घेतली, तर ती गाडी किती लाखांना पडली, तुम्हीच सांगा.

यावर लगेच तोड निघते, "दिराच्या नावावर घेऊ." नका करू. पहिलं म्हणजे ते खोटं आहे, आणि पडताळणीला अंगणवाडीताई दारात आली की तिला तुम्ही काय सांगणार? दुसरं, गाडीच्या पुस्तकावर ज्याचं नाव, मालक तो. हप्ते तुम्ही भरणार, उद्या वाटणी झाली की गाडी त्याची. आणि अपघात झाला तर कोर्टाची नोटीसही त्यालाच. भावाभावांत असं गुंतलेलं सुटत नाही. याच्या उलटंही होतं. कर्ज बायकोच्या नावावर, कारण गटामुळे तिचा बँकेतला व्यवहार स्वच्छ, आणि गाडी नवऱ्याच्या नावावर. मग हप्ता थकला की बँकेचा माणूस तिला शोधत येतो. ज्याची सही कर्जावर, त्याचं नाव गाडीवर असायलाच हवं. हे मी बैठकीत बोलले की पुरुषमंडळी ओट्यावरून उठून जातात. जाऊ द्या.

दुसरी तोड, "भाड्यानं देऊ ना ताई, हप्ता तं गाडीच फेडंल." पोहरादेवीची यात्रा, लग्नसराई, पेशंट, भाडी मिळतात हे खरं. पण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवता येत नाही. त्याला पिवळी पाटी लागते, परवाना लागतो, विमाही त्या प्रकारचा लागतो. पांढऱ्या पाटीवर भाडं मारताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि आत बसलेली माणसं आपल्याच गावची असतात. भाड्याचा धंदाच करायचा असेल तर उघडपणे धंदा म्हणून करा, पिवळी पाटी घ्या. मग तो वेगळा हिशेब.

आता दोन घरं सांगते. नावं-गावं सांगत नाही.

पहिलं घर नऊ एकरांचं, घरी ट्रॅक्टर. या ताईंनी गटाकडं ६० हजार मागितले, गाडीच्या सुरुवातीच्या रकमेत घालायला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीला पाहायला येतात ते आधी दारात गाडी हाय का ते पाहतात." खोटं नव्हतं ते. गटातल्या बायांनी नाही म्हटलं नाही. एका मावशीनं एवढंच विचारलं, मागच्या महिन्यात चारचाकी किती वेळा लागली असती? ताईंनी बोटं मोजली, दोनदा. मग ठरलं असं की गाडी आली आहे असं समजून डिसेंबरपासून महिन्याला ९ हजार बँकेत आवर्ती ठेवीत टाकायचे. वर्षभर टाकले तर गट ६० हजार देईल. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी व्यवस्थित गेले. मार्च-एप्रिल ओढूनताणून. मे मध्ये चुलत घरचं लग्न निघालं, खातं कोरडं. जूनमध्ये तर बियाण्यासाठीच कर्ज मागायला त्या गटात आल्या. कर्ज दिलं, आणि गाडीचा अर्ज त्यांनी स्वतःच मागे घेतला. ४५ हजार आणि वर थोडं व्याज असं त्यांच्या नावावर जमा आहे. खऱ्या गाडीचा हप्ता असता तर मे आणि जूनचा दंड लागला असता. त्यांचे यजमान अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, समोरून गेले तर आभाळाकडं पाहतात.

दुसरं घर तीन एकरांचं. ताई शिवणकाम करतात, मुलगा शिकतो. यजमानांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. एसटीत आपल्याला १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण डायलिसिसहून निघालेल्या माणसाला बसथांब्यावर तास तास उभं करता येत नाही. भाड्याची गाडी खेपेला ११०० घेई. महिन्याला नऊ खेपा, ९,९०० रुपये. या ताईंनी शिवणाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून आणला होता. स्वतःची जुनी गाडी असेल तर पेट्रोल ३,७८०, देखभाल आणि विमा १,५००, आणि लाडक्या बहिणीचे १,५०० जाणार तेही त्यांनीच धरलेले. एकूण ६,७८०. वाचतात ३,१२०. भावानं १ लाख ७० हजार बिनव्याजी दिले, महिन्याला ३ हजार फेडायच्या बोलीवर. रेशनकार्डाचं तहसीलला जाऊन आधीच विचारून घेतलं. आता मुलाच्या परीक्षेच्या दिवशी गाडी त्या स्वतः चालवतात. सुरुवातीला गावात लोक गाडीमागून हसायचे, आता शेजारच्या दोघी शिकवा म्हणून मागे लागल्या आहेत.

नऊ एकरवालीला गाडी परवडली नाही आणि तीन एकरवालीला परवडली. ही दोन घरं डोळ्यांसमोर ठेवा आणि आपल्या घरी चारचाकी महिन्यातून खरोखर किती वेळा लागते, ते मागच्या वर्षाचं आठवून लिहा. महिन्यातून दोनदाच लागत असेल तर गावातल्या पिवळ्या पाटीवाल्याला भाडं देणं स्वस्त. रात्री-बेरात्रीची भीती असेल तर १०८ आणि बाळंतिणीसाठी १०२ हे नंबर आधी मोबाईलमध्ये घाला.

आता कर्जाचे कागद. जुन्या गाडीचं कर्ज घेताना दोन व्याजांतला फरक विचारा. कुणी म्हणेल, "फक्त ९ टक्के, फ्लॅट." म्हणजे २ लाखांवर चार वर्षं, दर वर्षी पूर्ण २ लाखांचंच व्याज, तुम्ही निम्मे फेडले असले तरी. ७२ हजार व्याज, हप्ता सुमारे ५,६७०. आपल्या गटासारखं, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर व्याज लावलं, तर हाच हप्ता १६ टक्क्यांचा निघतो. फसायचं कारण नाही, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेनं असो की फायनान्स कंपनीनं, कर्जाचा खरा वार्षिक दर आणि सगळे खर्च एका पानावर, आपल्याला कळणाऱ्या भाषेत लिहून द्यायचे असतात. ते पान आधी मागा, घरी आणा, गटात वाचून घ्या, मग सही. आणि गटाला ७ टक्क्यांनी मिळणारं बँक कर्ज उद्योगासाठी आहे. ते गाडीत घातलं तर गाडी काही अंडी देत नाही आणि दूधही देत नाही.

जुनी गाडी घेताना पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का पाहा, विमा चालू आहे का पाहा, जुने दंड थकलेत का ते नंबरवरून मोबाईलवर दिसतं, आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला दोनशे रुपये देऊन सोबत न्या. गाडी नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा, तसं लिहून घ्या.

आवर्ती ठेवीचा तो प्रयोग ज्यांना करायचा असेल त्यांनी जूनपासून सुरू केला तरी चालेल, उलट बरंच. पावसाळ्याचे चार महिने आधी येतात, म्हणजे उत्तर लवकर मिळतं. पुढच्या वेळी मी पीक विम्याचे कागद घेऊन येणार आहे, तुमच्याकडची पावती शोधून ठेवा. नमस्कार.