कुलाब्याचं बेट आणि वऱ्हाडचा कापूस

मुंबईचा कुलाबा पूर्वी वेगळं बेट होतं. मुंबई आणि कुलाबा यांच्यामध्ये आणखी एक छोटं बेट होतं. ओहोटीला माणसं चालत पलीकडे जात. भरती आली की होडीच हवी. पाण्याचा अंदाज चुकलेल्या कित्येकांचा त्या खाडीत जीव गेला. अखेर 1838 मध्ये भराव घालून रस्ता झाला आणि ही बेटं मुंबईला जोडली गेली. तोच आजचा कुलाबा कॉजवे.

आता यात आपल्या वऱ्हाडचा संबंध काय? संबंध आहे कापसाचा. मुंबईचा कापूसबाजार टाउन हॉलसमोर भरायचा. 1844 मध्ये तो कुलाब्याला हलला, कारण तिथे मोकळी जागा होती आणि आता पक्का रस्ताही होता. वऱ्हाडातला कापूस आधी बंजाऱ्यांच्या बैलांवरून, बैलगाड्यांतून धुळीपावसात मजल दरमजल जायचा. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वेमार्ग पूर्ण झाला. मग अकोला, बडनेऱ्याहून गाठी थेट मुंबईला निघाल्या. कुलाब्याच्या बाजारात व्यापारी गाठीतून चिमूटभर कापूस काढत, दोन्ही हातांच्या बोटांत ओढून धाग्याची लांबी पारखत आणि भाव ठरवत.

1920 च्या दशकात हा बाजार शिवडीला गेला. तिथलं कॉटन ग्रीन स्थानक आजही कापसाचं नाव सांगतं. मुंबईच्या त्या वैभवात आपल्या काळ्या मातीतल्या शेतकऱ्याच्या घामाचा मोठा वाटा आहे. मुलांना मुंबईचा इतिहास सांगाल, तेव्हा हेही आवर्जून सांगा.