सेन्सर बदलण्याआधी वायर बघा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज भावाविषयी बोलायचे नाही. भाव मिळायला माल वेळेवर बाजारात पोचावा लागतो, आणि आपल्यातल्या अनेकांचा माल दहा-बारा वर्षे जुन्या डिझेल पिकअपमधून जातो. टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली गाडी पिंपळगावच्या अलीकडे बंद पडते, पंधरा मिनिटांनी आपली आपण चालू होते. तोवर लिलाव उरकलेला असतो. गॅरेजात नेली तर तिथे ती जावयासारखी शहाणी वागते. मिस्त्री सांगतो, सेन्सर गेला. नवा बसतो, आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग दुसरा सेन्सर. बसवलेला इलेक्ट्रिक पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. निदान त्याचे चुकले, भुर्दंड मात्र आपल्याला.

आम्ही कृषी पदवीवाले एक गोष्ट जाणतो. चुनखडीच्या जमिनीत पान पिवळे पडते तेव्हा जमिनीत लोह पुष्कळ असते, मुळाला ते घेता येत नाही. गाडीतही पुष्कळदा सेन्सर धड असतो, त्याचा निरोप संगणकापर्यंत पोचत नाही.

स्कॅनरवर पी-०३३५ आला म्हणजे क्रँक सेन्सर मेला, असे नव्हे. त्याच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढेच तो कोड सांगतो. सर्किटमध्ये कपलर, वायर, अर्थिंग सगळे आले. पी-००८७ आला तर रेलमध्ये डिझेलचा दाब कमी पडतो आहे. आधी फिल्टर बघा, पाइपात हवा शिरते का बघा. आणि कोड पुसू देण्याआधी वहीत लिहून घ्या. कोड पडला त्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान ही नोंदही बऱ्याच स्कॅनरवर दिसते, आणि ती कोडाबरोबरच पुसली जाते.

ड्रायव्हरला विचारा, कधी बंद पडते? गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. आतली तार तापून तुटते, निवून जुळते. खड्ड्यात आदळल्यावर, तर वायर किंवा सैल कपलर. गाडी धुतल्यावर, तर कपलरमध्ये पाणी. निम्मे निदान या उत्तरात असते, पण ते कोणी विचारीत नाही.

मग मल्टिमीटर काढा. उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. आता काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवले तर अर्थिंगची पट्टी काढून घासून घट्ट करा. जुन्या गाडीत हे एवढ्यावरच मिटलेले आम्ही पाहिले आहे. बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरला लावू देऊ नका; तिथे बहुधा ५ व्होल्टचा कारभार असतो, बल्ब जास्त करंट ओढतो आणि संगणकच जाऊ शकतो.

यानंतर इंजिन चालू ठेवून एकाने स्कॅनरवरचे आकडे बघावेत, दुसऱ्याने वायरिंग वीतभर-वीतभर हलवीत जावे. पंखा आणि पट्टा यांपासून हात लांब. आकडा उडी मारील तिथे दोष. पाण्याचे तापमान एकदम उणे ४० दाखवले तर आपल्याकडे बर्फ पडलेला नाही, ती वायर तुटली आहे.

आमच्या गटातल्या एका पिकअपला दोन नवे सेन्सर बसूनही ती गरम झाली की बंदच पडायची. हलवून पाहिल्यावर दोष सापडला: वायरिंगची क्लिप तुटून लडी गिअरबॉक्सजवळच्या पट्टीवर घासत होती, आवरण झिजून तांबे उघडे पडले होते. इंजिन तापले, हलले की टेकायचे. नवा सेन्सर तिथे काय करणार?

जोड पीळ देऊन टेप गुंडाळण्याचा नको. झाळून वर तापवून आवळणारी नळी चढवा, लडी पुन्हा क्लिपमध्ये बसवा. क्रँक सेन्सरच्या वायरीवर जाळी असेल तर ती कापून टाकू देऊ नका, नाहीतर अल्टरनेटरचा गोंधळ आत शिरतो. जेवणानंतर मैदानात दोन गाड्या उभ्या करणार आहोत, बॉनेट उघडून. मीटर तीन आहेत, ज्यांची गाडी त्रास देते त्यांनी ती गरम असतानाच आणावी.