घरात चोर शिरला असता

वैशाखात खानदेशातला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि जळगाव-धुळ्याकडील मंडळी अंथरुणे उचलून धाब्यावर किंवा गच्चीवर निजावयास जातात. वर सारे कुटुंब गाढ झोपेत, खाली कुलूपबंद घरात लेकीच्या लग्नाकरिता केलेले सोने. चोरास याहून सोयीचा काळ कोणता असणार? अशा एखाद्या रात्री खाली पत्र्याची पेटी सरकल्याचा आवाज होतो. घरधनी दचकून जागा होतो आणि हाती येईल ती काठी घेऊन जिना उतरू लागतो. त्याच्या धैर्याविषयी शंका नाही. परंतु तेथेच त्याची चूक होते.

खाली किती माणसे आहेत आणि त्यांच्या हाती काय आहे, हे त्यास ठाऊक नसते. त्यांचे डोळे अंधारास सरावलेले, याचे झोपेने जड झालेले. चोर बहुधा द्रव्याकरिता आलेला असतो, माणसाकरिता नव्हे. पळावयास वाट असली म्हणजे तो पळतो. ती वाट अडली, की कोयंडा उपटण्याकरिता आणलेली पहार त्याच भ्यालेल्या माणसाच्या हातून दुसऱ्याच्या मस्तकावर पडते. म्हणून जिन्याचे दार वरच्या बाजूने लावून घ्यावे, मुले व वृद्ध एका अंगास घ्यावे, आणि मग हवा तेवढा आरडाओरडा करावा. शेजारच्या गच्चीवरही माणसे निजलेली असतात, हा उन्हाळ्याचा एक उपकारच म्हणावयाचा. दूरध्वनीवरून ११२ हा क्रमांक फिरवावा आणि प्रथम पत्ता सांगावा, हकीकत मागाहून. म्हणजे बोलणे मध्येच तुटले तरी कोठे यावयाचे ते पोलिसांस कळते.

चोर निजावयाच्या खोलीतच उभा राहिला, तर प्रसंग निराळा. तेथे ओरडणे नको, उशाखाली हात घालणे नको, त्याच्या तोंडाकडे रोखून पाहणेही नको. मागेल ती किल्ली द्यावी आणि दाराच्या व त्याच्या मध्ये उभे राहू नये. सराफ बाजाराच्या छायेत वाढलेल्या जळगावकर गृहिणीस ‘सोने जाऊ द्या’ असे सांगणे मोठे कठीण आहे. दागिने हे पुष्कळदा तिचे एकमेव स्वतःचे धन असते. गळ्यातली पोत घट्ट धरणारा हात केवळ लोभाने धरीत नाही. तेव्हा हा निर्णय त्या क्षणावर सोपवू नये. नित्याचे दोन दागिने घरी, बाकीचे पेढीच्या तिजोरीत, हे दिवसाउजेडी, चहा पिताना ठरवून टाकावे.

पूर्वी रात्र राखण्याचा भार एकेका घरावर नव्हता. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा लुटारूंच्या भयाने हा मुलूख त्रस्त होता. पुढे १८२५ साली जेम्स औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावी होते. ज्यांचे भय वाटे त्यांनाच पगार देऊन राखणीस लावण्याचा हा उपाय बंदुकीपेक्षा शहाणपणाचा खरा. गावोगाव जागल्या फिरत असे. १९५८ च्या कायद्याने अशी कनिष्ठ वतने संपली. आता नव्या वसाहतींत खिडक्यांस लोखंडी जाळ्या आहेत, मात्र आतली हाक ऐकावयास कोणी नाही. जाळ्या अवश्य असाव्यात. पण त्यांतील एक आतून उघडणारी असावी आणि तिची किल्ली घरातील प्रत्येकास ठाऊक असावी, नाही तर आग लागली असता तीच जाळी घरच्यांना कोंडते.

कायद्याविषयी पुष्कळांची समजूत दोन टोकांची असते. १८६० च्या दंडसंहितेने स्वसंरक्षणाचा जो हक्क दिला, तोच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क प्रसंगी त्याचा प्राण जाण्यापर्यंत पोहोचतो. परंतु संरक्षणास जरूर तेवढीच इजा, हे माप त्यास लावलेले आहे. पकडून खांबाला बांधलेल्या माणसास मारणे हे संरक्षण नव्हे.

आणि तो माणूस चोर तरी असतो काय? १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याची वदंता पसरली. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे आली होती. त्यांचा व्यवसाय भिक्षेचा. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्यांनी कोणाचे मूल पळविले नव्हते. शेजाऱ्यांना हाक घालणाऱ्या गृहस्थाने म्हणूनच, ती मंडळी जमल्यावर संशयितास कोणी हात लावणार नाही आणि पोलिस येईपर्यंत तो सुरक्षित राहील, एवढे पाहावे.

चोर निसटून गेला, तर त्याच्या मागे अंधारात धावू नये. फोडलेली कुलपे, पेट्या, कपाटाची दारे यांस पोलिस पाहून जाईपर्यंत स्पर्श करू नये. १८९७ साली जगातील पहिला अंगुलिमुद्रा विभाग आपल्याच देशात, कलकत्त्यास निघाला. पण उतावळी मंडळी पेट्या आवरावयास बसली म्हणजे ठसे उरतात ते घरच्यांचेच. गेलेल्या वस्तूंची यादी त्याच दिवशी लिहून द्यावी, वजनासह. सराफाच्या पावत्या मात्र कित्येक घरी त्याच पेटीत ठेवलेल्या असतात, आणि दागिन्यांबरोबर त्याही गेलेल्या असतात.