गळका इंजेक्टर ओळखताना
तापलेली गाडी अर्धा तास उभी राहिली, की पुन्हा सुरू होताना स्टार्टर बराच वेळ फिरतो. मग काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास. इथं संशय इंजेक्टरवर घ्यावा.

आधी डिपस्टिक हुंगावी. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळीही वाढलेली असेल, तर गाडी चालवू नये. पातळ ऑइलमुळं बेअरिंग झिजतात.

इंजिन थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत, प्लग काढून ओळीनं मांडावेत. एकच ओला, काजळलेला निघाला, तर त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल आधी बदलून पाहावी. तरीही तोच प्लग भिजला, तर इंजेक्टर गळत असण्याची शक्यता दाट.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात मात्र इंधनाचा दाब 100 बारच्या वर जातो. त्या पाइपांना घरी पाना लावूच नये.